विश्लेषण : आवाज शोषणारा फोम आवाज अडवतो का?

घरात पॉडकास्टसाठी कोपरा करायचा असो, तबल्याच्या रियाजाची खोली असो किंवा चौकातल्या डीजेपासून सुटका हवी असो, ऑनलाइन शोधले की उत्तर एकच मिळते : काळ्या-राखाडी रंगाचे, उंचसखल खाचांचे फोमचे चौकोन. जाहिरातीत ‘साउंडप्रूफ’ हा शब्द ठळक असतो. चौकोन भिंतीवर चिकटतात, खोलीला स्टुडिओचे रूप येते, टाळी वाजवली तर ती कोरडी ऐकू येते. चौकातला डीजे मात्र पूर्वीइतकाच ऐकू येतो. यात फोमचा दोष नाही. तो आपले काम चोख करतो. ते काम कोणते, हे विकताना सांगितले जात नाही आणि घेताना विचारले जात नाही. पैसे वाया जाणे हा या गैरसमजाचा लहान परिणाम. मोठा परिणाम काही ठिकाणी माणसांनी जीव देऊन भोगला आहे.

फोममध्ये शिरलेल्या आवाजाचे काय होते?

आवाज म्हणजे हवेच्या कणांची पुढे-मागे होणारी थरथर. ती किती सूक्ष्म असते? साध्या संभाषणाचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. १००० हर्ट्झ वारंवारतेचा एवढा आवाज हवेतून जाताना हवेचे कण जागेवरून सरकतात ते मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाइतके. मोकळ्या हवेत या हालचालीला फारसे कोणी अडवत नाही. फोमच्या आत मात्र हवेला अरुंद, वेड्यावाकड्या वाटांतून ये-जा करावी लागते. वाटेच्या कडेला लागून असलेली हवा जवळजवळ स्थिर राहते, मधली हवा हलते आणि हवेच्या या थरांमध्ये घर्षण होते. पाण्यापेक्षा मध दाट, तशी हवेलाही थोडीशी ‘दाटी’ असते. शाळेच्या पुस्तकात तिला श्यानता म्हणतात. या घर्षणात ध्वनीची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते.

कडेचा हा थर किती जाड असतो, यावर बरेच अवलंबून असते. १००० हर्ट्झला तो सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो, १०० हर्ट्झला सुमारे ०.२ मिलिमीटर. फोमची छिद्रे अशीच, मिलिमीटरच्या काही भागांएवढी असतात. म्हणून आत शिरलेल्या हवेचा मोठा हिस्सा घर्षणाच्या तावडीत सापडतो. भिंतीला पाडलेल्या मोठ्या भोकांत तसे घडत नाही.

दुसरी क्रिया तापमानाची. ध्वनीलहर जाताना हवा क्षणभर दाबली जाते, तेव्हा ती किंचित तापते; विरळ होते तेव्हा किंचित थंड होते. मोकळ्या हवेत ही देवाणघेवाण जवळजवळ परत मिळते. फोमच्या सांगाड्याला चिकटलेली हवा मात्र तापली की उष्णता सांगाड्याला देऊन बसते आणि पुढच्या क्षणी ती हवी तशी परत मिळत नाही. तिथेही ऊर्जा गळते. तिसरी क्रिया सांगाड्याची स्वतःची. फोम मऊ असल्याने तोही थरथरतो आणि त्याच्या आतल्या झिजेत थोडी ऊर्जा जाते. सच्छिद्र सांगाडा आणि त्यातला द्रव किंवा वायू एकत्र कसे कंप पावतात, याचे गणित मॉरिस बायो यांनी १९५६ मध्ये मांडले. फोमच्या आजच्या संगणकीय आराखड्यांमागे तेच गणित आहे.

एवढी उष्णता निर्माण होत असेल तर फोम तापत का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की आवाजात ऊर्जा फारच थोडी असते. साधे बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाची शक्ती वॉटच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास असते. एवढ्या शक्तीवर कपभर चहाचे पाणी उकळायचे तर एका माणसाने सुमारे दीडशे वर्षे अखंड बोलत राहावे लागेल, आणि तेही सगळी ऊर्जा पाण्यातच गेली तर.

थर्मोकोल का चालत नाही?

थर्मोकोलही हलके, फुगलेले आणि हवेने भरलेले असते. तरी ते आवाज शोषत नाही. कारण त्यातला हवेचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो. हवा आत-बाहेर करू शकत नाही, त्यामुळे घर्षणाला जागाच मिळत नाही आणि लहर बरीचशी पृष्ठभागावरून परत फिरते. ध्वनिशोषक फोममध्ये पेशी एकमेकींत उघडणाऱ्या असाव्या लागतात.

हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे फुंकर. फोमचा तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारली आणि ती थोड्या विरोधानंतर पलीकडे गेली, तर फोम कामाचा आहे. विरोधच जाणवला नाही तर आवाजही तसाच आरपार जाणार. फुंकर अजिबात गेली नाही तर आवाज परत फिरणार. चांगला शोषक या दोहोंच्या मध्ये असतो. अभियंते याच गुणाला प्रवाहरोध म्हणतात आणि यंत्राने मोजतात. १९७० मध्ये डेलनी आणि बेझली या संशोधकांनी तंतुमय पदार्थांवर मोजमापे करून, फक्त या एका गुणावरून पदार्थ किती आवाज शोषेल याचा अंदाज बांधण्याची सूत्रे दिली. ती आजही प्राथमिक हिशेबासाठी वापरली जातात.

फोमला भिंतीशी जुळणारा ऑइलपेंट मारणे किंवा त्यावर रेक्झीन ताणून बसवणे किती महागात पडते, तेही यावरून कळते. छिद्रे बुजली की खोलीची शोभा उरते आणि शोषण जाते. अंड्यांच्या ट्रेची कथाही अशीच. पातळ पुठ्ठ्यात हवेला शिरायला फारशी जागा नसते. उंचसखल आकार पाहून तो स्टुडिओसारखा वाटतो, एवढेच.

जाडीचा हिशेब काय?

भिंतीला एक टोक बांधलेली दोरी हलवून पाहावी. बांधलेले टोक हलत नाही. सर्वांत जास्त हालचाल भिंतीपासून काही अंतरावर होते. ध्वनीचेही तसेच. घट्ट भिंतीला टेकलेली हवा पुढे-मागे होऊ शकत नाही. तिची हालचाल सर्वाधिक असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. घर्षण हालचालीतूनच होते, म्हणून फोम त्या जागेपर्यंत पोहोचला तर काम जोरात होते.

हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यावरून ४००० हर्ट्झच्या आवाजाची पाव तरंगलांबी येते साधारण दोन सेंटिमीटर. १००० हर्ट्झला साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्झला ८६ सेंटिमीटर. डीजेच्या छातीत धडधडणाऱ्या ५० हर्ट्झला ती १ मीटर ७० सेंटिमीटर भरते. फोमच्या आत आवाजाचा वेग थोडा कमी होतो आणि पाव तरंगलांबीच्या बऱ्याच आधीपासून शोषण सुरू झालेले असते. म्हणून प्रत्यक्षात एवढी जाडी अगदी काटेकोरपणे लागत नाही. पण अडीच सेंटिमीटरचा चौकोन आणि पावणेदोन मीटरचा हिशेब यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही जाहिरातीने भरून निघत नाही.

पातळ फोम लावलेल्या खोलीत आवाज कोंदट का वाटतो, तेही यात आले. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांचा तीक्ष्ण भाग फोम गिळतो. पुरुषाच्या आवाजाचा १०० ते १५० हर्ट्झचा पाया तसाच घुमत राहतो. यावर स्वस्त उपाय आहे. फोम किंवा लोकरीची पॅनेल भिंतीला थेट न चिकटवता मागे पाच-दहा सेंटिमीटर पोकळी सोडावी. पदार्थ तेवढाच, पण तो हवेच्या जास्त हालचालीच्या जागी येतो. खाचांचा आकार याबाबतीत दुय्यम आहे. खाच कोरली म्हणजे तेवढा पदार्थ कमी झाला, हे लक्षात ठेवलेले बरे.

शोषणे म्हणजे अडवणे का नव्हे?

या विषयाची मोजणी सुरू झाली ती एका फसलेल्या सभागृहामुळे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह वापरात आले, तेव्हा तिथे बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. पुढची बारा-पंधरा अक्षरे मागच्या शब्दांत बुडून जायची. ते सुधारण्याचे काम वॉलेस सॅबिन या २७ वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे आले. बाहेरचा गलबला थांबल्यावर, रात्री, ते जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या या सभागृहात आणून मांडत. ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि निनाद विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. गाद्या वाढवत नेल्या तसा निनाद घटत गेला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते. १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलची रचना सॅबिन यांच्या याच हिशेबाच्या आधारे झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. शोषण मोजायला सॅबिन यांनी एकक कोणते घेतले? उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज खोलीत परत येत नाही, म्हणून तिचा शोषण गुणांक एक, म्हणजे शंभर टक्के. खोलीच्या बाजूने पाहिले तर तो पैकीच्या पैकी गुणांचा शोषक आहे. शेजाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो काहीच अडवत नाही. फोमच्या पाकिटावरचा शोषणाचा आकडा याच मोजपट्टीवरचा आहे. तो खोलीत परत न आलेला आवाज मोजतो. पलीकडे किती गेला, याबद्दल तो आकडा मौन पाळतो.

मग आवाज अडवते काय?

वजन. भिंतीवर आवाज आदळला की भिंत किंचित हलते आणि पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती हलवणे कठीण. ढोबळ नियम असा की प्रति चौरस मीटर वजन दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने अधिक अडतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर चारशे किलोच्या पुढे जातो. पाच सेंटिमीटर जाडीच्या हलक्या फोमचा एक चौरस मीटर भरतो सव्वा किलोच्या आसपास. चारशे किलोंना जे थोपले नाही, ते सव्वा किलो थोपवेल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

बहुतेक घरांत आवाज भिंतीतून येतही नाही. तो येतो खिडकीच्या फटीतून, दाराखालून, एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट मोकळी जागा राहिली, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण आडोसा २० डेसिबलच्या वर जात नाही. फटी बंद करणे, दाराला रबरी पट्टी लावणे, खिडकीला अंतर सोडून दुसरी जाड काच बसवणे ही कामे दिसायला आकर्षक नसतात. उपयोग त्यांचाच होतो. दोन जड थरांमध्ये पोकळी ठेवून तिच्यात सच्छिद्र लोकर भरली तर मात्र आवाज अडवण्यातही शोषकाचा हातभार लागतो. पण तो सहायक म्हणून, एकट्याने नव्हे.

पाकिटावरचा आकडा काय लपवतो?

चांगले उत्पादक ‘एनआरसी’ नावाचा एक आकडा देतात. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार वारंवारतांवरच्या शोषणाची ही सरासरी. ‘एनआरसी ०.८’ म्हणजे खोलीतला ८० टक्के आवाज कमी होईल असा अर्थ सर्रास लावला जातो. तो दोन ठिकाणी चुकतो. एक तर आकडा पॅनेलवर पडणाऱ्या आवाजापुरता आहे. उघड्या फरशीवर आणि काचेवर पडणाऱ्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. दुसरे, २५० हर्ट्झच्या खालचे या सरासरीत काहीच नाही. वरच्या मजल्यावरची धपधप, जनरेटर, डीजेचा बेस ही ज्यांची तक्रार आहे, त्यांची नेमकी तक्रारच या आकड्याने मोजलेली नसते.

टक्के आणि डेसिबल यांची गल्लतही यात भर घालते. आवाजाची ऊर्जा ९० टक्क्यांनी कमी झाली तरी घट दहाच डेसिबलची होते आणि कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. ‘९० टक्के आवाज बंद’ असे छापलेले वाक्य वाचताना हा हिशेब मनात असावा.

आगीचा धोका कुठून येतो?

ज्या रचनेमुळे फोम आवाज शोषतो, तीच रचना आगीला पोसते. पातळ भिंतींचा सांगाडा, अफाट पृष्ठभाग आणि आत खेळती हवा. साधा पॉलियुरेथेन फोम ठिणगीने पेटू शकतो, झपाट्याने जळतो आणि दाट काळ्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो.

२० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमवर पडली. अमेरिकी मानके संस्थेच्या तपासानुसार लोकांना बाहेर पडायला सुमारे दीड मिनिटच मिळाले. १०० जण मृत्युमुखी पडले. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तक्रारी केल्यानंतर तो फोम तिथे बसवला गेला होता. म्हणजे जे काम हलका फोम नीट करूच शकत नाही, त्यासाठी तो लावला आणि त्याने इमारत पेटवली. २०१३ च्या जानेवारीत ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ क्लबच्या छतावरचा फोम असाच पेटला. २४२ मृत्यू झाले. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी बुखारेस्टच्या ‘कोलेक्तिव्ह’ क्लबमध्ये पुन्हा तेच घडले. ६४ जण गेले. तिन्ही ठिकाणी आतषबाजी होती आणि तिन्ही ठिकाणी तिला मिळालेले इंधन ध्वनिशोषक फोमचे होते.

‘फायर रिटार्डंट’ एवढ्या शब्दांवर म्हणूनच विसंबता येत नाही. त्याचा अर्थ जळायला वेळ लागतो, जळत नाही असा नाही. किती वेळ आणि कोणत्या चाचणीत, हे प्रमाणपत्रावर असायला हवे. काचलोकर व खनिज लोकर हे शोषक तंतू स्वतः सहजी पेटत नाहीत. मेलामाइनचा फोम पॉलियुरेथेनपेक्षा आगीला बराच अधिक टिकतो. लोकरीचे तंतू हवेत उडू नयेत म्हणून त्यावर हवा जाऊ देणारे, न पेटणारे कापड घालावे लागते. हे पर्याय वजनाला जड आणि बसवायला किचकट आहेत, म्हणून टाळले जातात.

फोमची खरी जागा कुठे?

जिथे आवाज बाहेरून येत नाही, आतच घुमतो, तिथे. असे ठिकाण शोधायला स्टुडिओत जायला नको. शाळेचा वर्ग पुरेसा आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच असा गिलाव्याच्या भिंती आणि फरशीचा रिकामा वर्ग सॅबिन यांच्या सूत्रात घातला, आणि पृष्ठभाग पाच टक्के आवाज शोषतात असे धरले, तर निनाद अडीच सेकंदांच्या वर जातो. मुले बसली की तो कमी होतो, पण मागच्या बाकापर्यंत शब्द स्वच्छ पोहोचण्याइतका नाही. फक्त छताला ०.७ गुणांकाचा शोषक लावला तर रिकाम्या वर्गाचाही निनाद ०.६ सेकंदांच्या खाली येतो. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात लहान वर्गांसाठी हीच ०.६ सेकंदांची मर्यादा आहे. शिक्षकाचा घसा आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे शिक्षण, दोन्हींचा यात लाभ आहे. रुग्णालयांचे प्रतीक्षा कक्ष, खानावळी, मंगल कार्यालये या सगळ्या कठीण पृष्ठभागांच्या जागांना हेच लागू होते.

काय व्हायला हवे?

पहिले, सच्छिद्र फोमच्या पाकिटावर ‘साउंडप्रूफ’ हा शब्द छापू देऊ नये. तो वस्तूचा खोटा गुण सांगतो, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहेच. दुसरे, सरासरीच्या एका आकड्याऐवजी जाडी आणि १२५ हर्ट्झपासून प्रत्येक पट्ट्यातले शोषण छापणे सक्तीचे व्हावे. तिसरे, आग-चाचणीचा निकाल पाकिटाच्या दर्शनी बाजूला असावा. आणि चौथे, जिथे गर्दी जमते अशा सभागृहांची, क्लासेसची, बारची अग्निसुरक्षा तपासताना सिलिंडर आणि जिना यांच्याबरोबर भिंतीवर आणि छताला काय चिकटवले आहे, हेही पाहिले जावे.

पाचवी गोष्ट फोमची नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिलेली आहे. ती पाळली जात नाही म्हणून आजारी माणसाच्या खोलीला फोम लावायची वेळ येते. तिथे पाव तरंगलांबीचा हिशेब पावणेदोन मीटरचा निघतो आणि दहा फुटांच्या खोलीत तो मावत नाही. एवढा मोठा आवाज जिथे निर्माण होतो तिथेच कमी करावा लागतो. ऐकणाऱ्याने पदरचे पैसे खर्चून भिंती मढवाव्यात, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.